बेळगावहून वाडी, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर: आई आणि सासूबाईंना घेऊन गाडीनं जायचंय, मार्ग सुचवा

वडगावची लेक

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. आई आणि सासूबाई दोघींनी सत्तरी ओलांडली आहे आणि दोघींचेही गुडघे दुखतात. सासूबाईंची गाणगापूरला मधुकरी वाढायची इच्छा फार जुनी. आईला पांडुरंगाच्या पायावर डोकं ठेवायचंय. म्हणून एकदाच गाडी करून सगळं करावं असं ठरवतोय.

मनात आहे ते असं: शनिवारी निघायचं, कोल्हापूरची अंबाबाई, जोतिबा, नरसोबाची वाडी, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, आणि येताना सौंदत्तीला यल्लम्मा करून बुधवारी रात्री घरी. संक्रांतीच्या आठवड्यात सुट्टी जोडून मिळते, तेव्हाच निघावं म्हणतोय. आम्ही सहाजण आहोत.

हे जमेल का? काही गाळायचं तर काय गाळू? मुक्काम कुठं करावा? गाडी इथूनच ठरवावी का? जे जाऊन आलेत त्यांनी सविस्तर सांगावं ही विनंती.

निपाणीकर

ताई, पाच दिवसांत एवढं होणार नाही. गाडी पोचेल, पण म्हाताऱ्या माणसांचं दर्शन होणार नाही, नुसतं कळस बघून नमस्कार होईल. या प्रवासात किलोमीटर मोजू नयेत, दर्शनबारी मोजावी. पंढरपूर ते सोलापूर दीड तासाचं अंतर, पण पंढरपुरात पदस्पर्शाच्या बारीत किती वेळ जाईल ते त्या दिवसावर अवलंबून.

माझं स्पष्ट मत: कोल्हापूर आणि जोतिबा यातून काढा. अंबाबाई आपल्याला सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखी आहे. जवळचे देव लांबच्या प्रवासात कोंबले की लांबच्यांना वेळ उरत नाही, आणि तिथं पुन्हा कधी जाणं होईल सांगता येत नाही. सासूबाईंची इच्छा गाणगापूरची आहे ना? मग सगळा आराखडा गाणगापूरच्या दुपारवर बसवा.

आणि संक्रांतीचा आठवडा नको. सोलापुरात तेव्हा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वज निघतात, सगळं शहर रस्त्यावर असतं. बघण्यासारखी यात्रा आहे, पण दोन आज्ज्यांना घेऊन वाटेत सापडण्यासारखी नाही.

गुरुवारकरी

निपाणीकरांशी सहमत. तारखेचं जरा विस्तारानं सांगतो, कारण निम्मी यात्रा पंचांगावरच ठरते.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीन वेळा देवी पलंगावर निद्रेला जाते: शारदीय नवरात्राआधी, दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी. या दिवसांत गेलात तर सिंहासनावर देवी दिसणार नाही. शाकंभरी नवरात्र पौष शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत, तेव्हा गर्दी असते. पुढं माघ शुद्ध एकादशीला पंढरपूरची माघी वारी, म्हणजे त्याच्या आधी चार-पाच दिवसांपासून दिंड्या यायला लागतात. माघी पौर्णिमेला आपल्याकडं सौंदत्ती आणि चिंचलीची मायाक्का, दोन्हीकडं पाय ठेवायला जागा नसते.

मग उरतो तो पौष वद्य पंधरवडा. ऊन नाही, पाऊस नाही, नद्यांना घाटावर बसण्याइतकं पाणी, आणि मोठा उत्सव कुठंच नाही. संक्रांत त्यात येत असेल तर तो आठवडा टाळा, आणि त्यातली एकादशी पंढरपुरात येऊ देऊ नका. दिनदर्शिका समोर घेऊन बसा, शनिवार नक्की करा.

वडगावची लेक

खूप मदत झाली. पण सासूबाई म्हणतात पौषात कुठं जायचं नसतं. त्यांना काय सांगू?

गुरुवारकरी

पौषात लग्न-मुंज करत नाहीत. देवदर्शनाला पौष कधीच वर्ज्य नाही. शाकंभरी नवरात्र पौषातलंच, आणि गाणगापूरच्या नृसिंहसरस्वती महाराजांचा जन्मही पौष शुद्ध द्वितीयेचा. त्यांना एवढंच सांगा की ज्यांच्या दर्शनाला निघालोय ते स्वतः पौषात जन्मले. शिवाय लग्नं नसल्यामुळं लॉज आणि भक्तनिवास मिळायला सोपे जातात, आणि चांगल्या गाड्याही मोकळ्या असतात.

शहापूरची मावशी

बाळ, मी वेगळं सांगते. तुमची कुलदेवता यल्लम्मा आहे का? असेल तर ती परतीच्या वाटेवर, दमल्या अंगानं, अंधार पडायच्या आत उरकायची म्हणून करायची नाही. आधी कुलदैवत, मग बाकीचं. निघायच्या आदल्या आठवड्यात एखाद्या साध्या दिवशी, मंगळवार-शुक्रवार-पौर्णिमा सोडून, सौंदत्तीला जाऊन या. सकाळी लवकर निघायचं, जोगुळभावीला पाय धुवायचे, डोंगरावर आईची ओटी भरायची, तिथंच नैवेद्य करायचा आणि संध्याकाळपर्यंत घरी. तिला सांगून निघालं की पुढच्या वाटेची काळजी तिची. आमच्या घरात असंच चालत आलंय.

परतीच्या वाटेवर यरगट्टीला फाटा लागतो तेव्हा ड्रायव्हर म्हणेल, जवळच आहे, जाऊया की. तेव्हा मोह करू नका.

वडगावची लेक

मावशी, कुलदेवता यल्लम्माच. तुमचं पटलं. ती आधी करते. आता उरलेल्याचा क्रम कोणी लावून द्याल का?

निपाणीकर

एक दिवस वाढवा, गुरुवारी परत या. मग असं बसतं.

शनिवारी पहाटे निघा. हायवेनं सरळ कोल्हापूरकडं न जाता संकेश्वर, चिकोडी करत वाडीकडं या. वाटेत खिद्रापूर सोडू नका. कोपेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं, कृष्णेच्या काठावर. पुढचा स्वर्गमंडप वरून गोल उघडा, खाली अठ्ठेचाळीस खांब. या महादेवासमोर नंदी नाही. सती नंदीवर बसून माहेरी दक्षाच्या यज्ञाला गेली, तिचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत. म्हणून देव इथं कोपलेला आणि नंदी चिकोडी तालुक्यातल्या यडूरला, वीरभद्राच्या गावी. देव महाराष्ट्रात, नंदी कर्नाटकात. ही रेघ माणसांनी ओढायच्या कितीतरी आधीपासून लोक दोन्हीकडं माथा टेकत आलेत. वेळ असेल तर यडूरही करा.

दुपारपर्यंत वाडी. मुक्काम वाडीतच करा, सांगली-मिरजेला जाऊ नका. संध्याकाळची पालखी आणि शेजारती बघितल्याशिवाय वाडीला गेल्यासारखं होत नाही. घाटाच्या पायऱ्या आहेत, पण पादुकांपर्यंत सावकाश जाता येतं. पावसाळ्यात हेच मंदिर पाण्याखाली असतं. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिण दारानं बाहेर पडतं तेव्हा त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला लोक धावतात. तुम्हाला हिवाळ्यात काठ मोकळा मिळेल. बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्या, बर्फी पुढं चार दिवस टिकते.

रविवारी सकाळी अभिषेक करून निघा. मिरज, सांगोला करत पंढरपूर. रस्ता आता उत्तम आहे. रविवारी गर्दी असणारच, म्हणून त्या दिवशी फक्त मुखदर्शन करा. चंद्रभागेवर जा, पुंडलिकाचं दर्शन घ्या, नामदेव पायरीशी आणि चोखोबांच्या समाधीशी टेका. आईंच्या पदस्पर्शासाठी सोमवारची पहाट ठेवा. सोमवारी दर्शन झालं की सोलापूरमार्गे तुळजापूर. मंगळवार, शुक्रवार, रविवार तिथं गर्दीचे, सोमवार त्यातल्या त्यात बरा. मंगळवारी अक्कलकोट, बुधवारी गाणगापूर, गुरुवारी विजापूरवरून घरी.

सोलापूरची सून, माहेर खानापूर

गुडघ्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

पंढरपूर: पदस्पर्शाच्या बारीत चढउतार आहे आणि मध्येच बाहेर पडणं अवघड. आईंना आत नेणाराच एक माणूस ठरवा, सगळ्यांनी जायची गरज नाही. चहा-नाश्ता आणि औषध आधी द्या. सासूबाईंना पदस्पर्शाचा आग्रह नसेल तर त्यांना मुखदर्शनावर थांबवा.

तुळजापूर: हे सगळ्यात कठीण. मंदिर खोलात आहे, महाद्वारातून पायऱ्या उतरत जायचं, वाटेत कल्लोळतीर्थ आणि गोमुखतीर्थ. उतरताना काही वाटत नाही, परत चढताना गुडघे बोलतात. दुपारच्या उन्हात फरशी तापते म्हणून पायमोजे जवळ ठेवा. संध्याकाळी दर्शन घ्या, रात्री तिथंच झोपा. सकाळी चिंतामणीचा दगड वगैरे बघायला तरुण मंडळींनी जावं, आज्ज्यांना झोपू द्यावं. माझ्या सासूबाईंना आम्ही असंच नेतो.

तुळजापूरहून अक्कलकोटला परत सोलापुरात यायची गरज नाही. नळदुर्गवरून रस्ता आहे. आणि अक्कलकोट म्हणजे विसाव्याचा दिवस समजा. स्वामी १८७८ मध्ये समाधिस्थ झाले, त्यांचा समाधिमठ गावात आणि वटवृक्षाचं मंदिर वेगळं, दोन्ही जवळजवळ. अन्नछत्रात दुपारचा महाप्रसाद पोटभर मिळतो, बसायची सोय चांगली. त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

गुरुवारकरी

आता गाणगापूर. त्यासाठीच हा सगळा प्रवास, म्हणून थोडं जास्त लिहितो.

अक्कलकोटहून सकाळी सातच्या आत निघा. अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटरच आहे, पण मधुकरी दुपारी बाराच्या सुमाराला असते आणि त्याआधी संगमावर जाऊन यायचंय. संगम गावापासून तीन-चार किलोमीटरवर, भीमा आणि अमरजेचा. तिथं औदुंबराखाली गुरुचरित्राचं पारायण करणारे बसलेले असतात. त्यांच्यात मोठ्यानं बोलू नका, फोटोही काढू नका. काहीजण आजारपणातून सुटायला आलेले असतात, घरची माणसं त्यांना सांभाळत असतात. मुलांना आधी समजावून न्या.

मग गावात निर्गुण मठ. पादुकांचं दर्शन लहानशा झरोक्यातून होतं, तिथं घाई नको. सासूबाईंना झरोक्यापाशी आधी उभं करा, मागच्यांना सांगा. बाराला महाराज कोणत्याही रूपात भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून मधुकरी वाढताना समोर कोण आहे ते बघायचं नाही, हात आखडायचा नाही. पोळी-भाजी, भात, गोडाचं काहीतरी असा शिधा अक्कलकोटहून किंवा गावातल्या पुजाऱ्यांकडून करून घेता येतो. आदल्या दिवशी फोन करून सांगावं. वाढून झाल्यावर स्वतःही पाच घरी मधुकरी मागायची पद्धत आहे. सासूबाईंना विचारा, त्यांना ती हवी असेल.

आपल्याला कानडी येतं याचा गाणगापुरात फार उपयोग होतो. पुण्या-मुंबईचे लोक तिथं अडतात, आपण रिक्षावाल्याशी, खोलीवाल्याशी सरळ बोलतो.

औदुंबरचं कोणी विचारेल म्हणून सांगतो. विमल पादुका भिलवडीजवळ औदुंबरला, मनोहर पादुका वाडीला, निर्गुण गाणगापूरला. तिन्ही एका प्रवासात करायचा संकल्प असेल तरच औदुंबर घ्या, नाहीतर पंढरपूरची वाट वाकडी होते.

चिकोडी रोड

गाडीचं मी सांगतो, माझा रोजचा संबंध आहे. सहा माणसं आणि सहा दिवसांचं सामान, इनोव्हासारखी गाडी घ्या. क्रूझर स्वस्त पडेल, पण मागच्या आडव्या बाकावर आज्ज्या बसू शकणार नाहीत आणि पायरी उंच असते.

पिवळ्या पाटीचीच गाडी घ्या आणि ठरवताना एकच विचारा: ऑल इंडिया परमिट आहे का? नसेल तर महाराष्ट्रात शिरताना तिथला कर भरावा लागतो. तो कोण भरणार ते आधीच बोला. पांढऱ्या पाटीची ओळखीची गाडी भाड्यानं घेऊ नका. अडवलं तर प्रवास तिथंच थांबतो, अपघात झाला तर विमा मिळत नाही.

ड्रायव्हरला मराठी आणि कानडी दोन्ही येणारा बघा. त्याच्या रात्रीच्या झोपेची सोय तुमच्याबरोबरच ठरवा, गाडीत झोपवू नका. शेवटच्या दिवशी गाणगापूर ते बेळगाव तिनशेवर किलोमीटर आहे, तो माणूस ताजा पाहिजे.

निघायच्या आदल्या दिवशी बातम्या बघा. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसेस बंद पडतात आणि परराज्यातल्या पाटीच्या गाड्यांनाही त्रास होतो. अशा वेळी एक दिवस मागं-पुढं करणं शहाणपणाचं.

वडगावची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूर-जोतिबा काढलं, सौंदत्ती आधी, पौष वद्यातला शनिवार बघते. मावशींचं आणि महाराजांच्या जन्माचं सांगितल्यावर सासूबाई तयार झाल्या. शेवटचं एकच: गुरुवारी जेवण कुठं करावं? आईला पथ्याचं लागतं.

चिकोडी रोड

विजापुरात लिंगायत खानावळ बघा. ज्वारीची भाकरी, पातळ भाजी, दही, शेंगाचटणी मिळते, तेल-तिखट कमी करून सांगितलं तर करून देतात. एकच्या आत पोचा, नंतर भाकऱ्या संपतात. तिथून दोनला निघालात तर लोकापूर, यरगट्टी करत रात्री आठच्या आसपास घरी.