सीएफ: पावसाळ्यात नेब्युलायझर कसा साफ करता?

डिचोलीची_आई:
नमस्कार. मुलगी ६ वर्षांची, सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ), म्हणजे फुफ्फुसात घट्ट कफ साठण्याचा जन्मजात आजार. सकाळ-संध्याकाळ सलाइनचा नेब असतो, वर आता टोब्रामायसिन (अँटिबायोटिक) पण सुरू झालंय. डॉक्टर म्हणाले नेब्युलायझरचा औषधाचा कप रोज डिसइन्फेक्ट करा, पण कसा ते घाईत नीट विचारायचं राहिलं. सासूबाई म्हणतात गरम पाण्यात व्हिनेगर घालून ठेव, शेजारीण म्हणते नळाखाली धुतला तरी पुरे. आणि या पावसात आमचे टॉवेल सुकत नाहीत तर कप कुठनं सुकणार? तुम्ही कसं करता?

फोंड्याचा_बाबा:
ताई, व्हिनेगर सोडाच. सीएफवाल्यांना ज्यांची धास्ती ते स्यूडोमोनास, बर्खोल्डेरिया हे जंतू त्याने खात्रीने मरत नाहीत. आम्ही नेब झाला की लगेच कप सुटा करतो, भांड्यांच्या लिक्विडने धुतो, आतला तो बारीक तुकडा असतो ना त्याच्यावरच औषध सुकून पांढरं बसतं, तो विसरू नका. मग मोठ्या टोपात सगळं बुडेल एवढं पाणी, खळखळ उकळी आल्यावर ५ मिनिटं. टोप लहान असला तर प्लास्टिक तळाला लागून वाकतं. मशीनची हवेची नळी धुवायची नाही, उकळायची तर नाहीच. आत वाफ दिसली तर कप काढून मशीन नुसतं चालू ठेवा थोडा वेळ.

बांयकाठची:
आम्ही सासऱ्यांचा दम्याचा नेब बांयच्या (विहिरीच्या) पाण्याने धुतो नि ऊन पडलं की बाहेर ठेवतो, काय होत नाही.

रिटायर्ड_सिस्टर:
बाय, दम्याचं आणि सीएफचं एक नव्हे. इथे कफ घट्ट, जंतू एकदा आत गेला की ठाण मांडून बसतो. बांयचं सोडा, ओपा प्रकल्पाचं नळाचं पाणीसुद्धा पिण्याजोगं असतं, जंतुरहित नसतं. साबणाने धुताना चालतं, पण उकळून झाल्यावर परत नळाखाली धरलंत तर सगळी मेहनत पाण्यात. उकळणं जमत नसेल तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ३० मिनिटं, मग ५ मिनिटं उकळून गार केलेल्या पाण्याने खंगाळायचं, फिल्टरचं नको. बाळाच्या बाटल्यांचा इलेक्ट्रिक स्टीम स्टरिलायझर पण चालतो. सगळ्याआधी मशीनचं पुस्तक बघा, मेशवाल्या (बारीक जाळीच्या) नेब्युलायझरचे नियम वेगळे असतात.

डिचोलीची_आई:
थँक्यू सिस्टर. आणि सुकवणं?

फोंड्याचा_बाबा:
नीट झटकून कोऱ्या पेपर टॉवेलवर, सिंकपासून लांब. घरातला फडका नको, तो कितीही धुतलेला असू दे. दमट असताना डब्यात बंद करू नका. आम्ही दोन कप ठेवलेत, एक सुकतो तोवर दुसरा, पावसात त्याशिवाय भागतच नाही.

डिचोलीची_आई:
दुसरा कप मागवतेच. मास्क पण उकळायचा काय?

फोंड्याचा_बाबा:
आमचा सिलिकॉनचा, त्याच्या पुस्तकात उकळा म्हणून लिहिलंय. तुमचा पातळ प्लास्टिकचा असेल तर आधी वाचा, नाहीतर वाकडातिकडा होईल.