मदत हवी आहे : पावसात षटकं कमी झाली, नेट रन रेट कसा धरायचा?

मंडळी, आमच्या क्लबची रविवारची लीग २५ षटकांची आहे. आम्ही आधी खेळून ७ बाद १५० केल्या. मग पाऊस आला. डकवर्थ-लुईस (षटकं कमी झाल्यावर नवं लक्ष्य काढायचं सूत्र, आता डकवर्थ-लुईस-स्टर्न) इथे वापरत नाहीत, म्हणून पंचांनी सरळ धावगती काढली : १५ षटकं, ९१ चं लक्ष्य. समोरचा संघ १३.४ षटकांत ७२ वर सर्वबाद.

गुणतक्त्यात नेट रन रेटसाठी (आपली षटकामागची धावगती वजा आपल्याविरुद्धची) आमच्याविरुद्धच्या धावा ७२ भागिले १३.४ अशा धरल्यात. एक तर १३.४ म्हणजे १३ षटकं ४ चेंडू, दशांश नव्हे. दुसरं, संघ सर्वबाद झाला की वाट्याची सगळी षटकं धरतात, म्हणजे १५. मग ५.३७ ऐवजी ४.८० होतात. स्कोअरबुकची ओली पानं वाळवून प्रत्येक चेंडू पुन्हा मोजला, आकडे बरोबर आहेत. इतकं सचिवांना पटलंय.

अडलंय ते आमच्या डावावर. १५० / २५ धरा की ९० / १५, या सामन्यापुरते ६.०० च येतात. पण लीगभरच्या धावा आणि षटकांची बेरीज करून भागलं की उत्तर बदलतं, आणि आम्ही दोन संघ समान गुणांवर आहोत. नियमपत्रिकेत फक्त ‘नेट रन रेट’ एवढंच लिहिलंय. आयसीसीच्या स्पर्धांत डकवर्थ-लुईस-स्टर्नने लक्ष्य बदललं तर पहिल्या संघाच्या नावावर लक्ष्याहून एक कमी धावा आणि दुसऱ्या संघाचीच षटकं धरतात, हे माहीत आहे.

शनिवारच्या आत सचिवांना लेखी द्यायचंय. साध्या धावगतीने लक्ष्य काढलेल्या सामन्यात तुमच्या लीगमध्ये पहिल्या डावाचे कोणते आकडे धरतात, आणि नियमात ते नेमकं कसं लिहिलंय?