मदत हवी आहे : पॉप्युलेशन जेनेटिक्स, ज्वारीचे आकडे आणि अडलेला प्रोजेक्ट

सीनाकाठची
नमस्कार. सोलापुरात एमएस्सी बॉटनी करतेय. या सेमिस्टरला इकॉलॉजिकल आणि पॉप्युलेशन जेनेटिक्सचा पेपर घेतलाय. गणित बीएस्सीच्या पहिल्या वर्षानंतर सुटलं, त्यामुळे तासाला अर्धा वेळ फळ्याकडे नुसतं बघण्यात जातो. दोन गोष्टी अडल्यात.

पहिली : सरावाला मालदांडी ज्वारीच्या 40 झाडांचे आकडे मिळालेत. एक एसएसआर मार्कर (डीएनएवरची ओळखखूण), दोन अ‍ॅलील (त्या खुणेची दोन रूपं, अ आणि ब). अअ 22, अब 4, बब 14. अ ची वारंवारिता 0.6 आली, ब ची 0.4. हार्डी-वाइनबर्गच्या नियमाप्रमाणे (वारंवारितेवरून अअ, अब, बब किती हवीत ते सांगणारा) अब झाडं 19.2 हवीत, आहेत 4. काय-स्क्वेअर (अपेक्षित आणि प्रत्यक्षातला फरक तपासणारी चाचणी) 25.07, मर्यादा 3.84. मैत्रीण म्हणते, "समतोल नाही" एवढं लिही आणि मोकळी हो. पण का नाही? की आकडेच गडबड आहेत?

दुसरी : प्रोजेक्टला नान्नजच्या काळविटांवर काम करायचं मनात होतं. लेंड्या गोळा करून डीएनए काढायचा. गाईड म्हणतात नाद सोड. खरंच जमणार नाही का?

रब्बीवाला
आकडेमोड बरोबर आहे. आकड्यांतही मला काही खोट दिसत नाही.

ताई, तुमच्या शिवारात ज्वारी फुलोऱ्यात येते तेव्हा काय होतं ते आठवा. बहुतेक दाणे त्याच कणसाच्या परागावर भरतात. परपरागण साधारण 5 ते 15 टक्के, कणीस मोकळं असेल तर जास्त. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी 1908 मध्ये जे मांडलं ते कुणाचंही कुणाशीही मीलन होतं असं धरून. ज्वारी ते पाळत नाही. स्वपरागणात दर पिढीला अब झाडांचं प्रमाण निम्म्याने घटतं, थोडंफार परपरागण ते परत वर आणतं, आणि एका पातळीवर ते टिकतं.

आता F, म्हणजे अब ची तूट, काढा : 40 पैकी अब आहेत 4, म्हणजे 0.10, हवीत 19.2, म्हणजे 0.48. 1 वजा (0.10 भागिले 0.48), म्हणजे 0.79. स्वपरागणाचं प्रमाण 2F भागिले (1 + F), म्हणजे 0.88. पिकाबद्दल जे माहीत आहे त्याच्याशी हे जुळतं. "समतोल नाही" लिहून मोकळं होणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. ही चाचणी नापास झाली की मगच तिचा उपयोग सुरू होतो, असं माझं मत.

पण एक सांगा, ही 40 झाडं एकाच गावची आहेत का?

सीनाकाठची
नाही. 20 मंगळवेढ्याची, 20 बार्शीकडची. मंगळवेढा : 15, 2, 3. बार्शी : 7, 2, 11. त्याने फरक पडतो?

रब्बीवाला
पडतो तर! वेगळ्या वारंवारितेचे दोन गट एका पोत्यात ओतले की अब झाडं आपोआप कमी दिसतात, मग प्रत्येक गटात मीलन अगदी यादृच्छिक असलं तरी. याला वालुंड परिणाम म्हणतात, 1928 चा आहे.

मंगळवेढ्यात अ 0.8, तिथे अब अपेक्षित 6.4. बार्शीत अ 0.4, अपेक्षित 9.6. बेरीज 16. एकत्र धरून तुमचे 19.2 आले होते. म्हणजे जी 15.2 झाडं "गायब" आहेत त्यांतली 3.2 निव्वळ सरमिसळीमुळे आणि 12 स्वपरागणामुळे. जनुकशास्त्रज्ञ सूवॉल राइटच्या भाषेत एफएसटी (गटागटांतला फरक) 0.17, एफआयएस (गटाच्या आतली अब ची तूट) 0.75, एफआयटी (एकूण तूट) 0.79. (1 − 0.75) × (1 − 0.17) करून बघा, 1 − 0.79 च येतं. मघाचा स्वपरागणाचा 0.88 हा आकडाही मग फुगलेला ठरतो, F च्या जागी एफआयएस 0.75 धरला की तो 0.86 होतो. परीक्षेत ही फोड दाखवलीत तर तपासणारा खूश होईल. मात्र एका मार्करवर निष्कर्ष लिहू नका, किमान आठ-दहा हवेत.

माळावरची टिटवी
काळविटाबद्दल मी बोलतो, नान्नजला बरीच वर्षं पक्षी बघायला जातो. गाईड बरोबर सांगतायत. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि नान्नज म्हणजे माळढोक अभयारण्य, 1979 पासून. आत जाऊन संशोधन करायचं तर वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते, लेंड्यांनासुद्धा. फाईल नागपूरला जाणार, तोवर तुमचं सेमिस्टर संपलेलं असणार. शिवाय माळावर उन्हात वाळलेल्या लेंडीतून धड डीएनए मिळायचा म्हणजे नशीबच हवं. पुढे पीएचडीला करा की, तेव्हा हैदराबादच्या सीसीएमबीची लॅकोन्स प्रयोगशाळा आहेच, तिथे असल्या नमुन्यांचा अनुभव आहे.

कागदावर मात्र काळवीट आजच करता येईल. समजा कळपात 10 नर आणि 90 माद्या प्रजननात आहेत. प्रभावी संख्या चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण : 3600 भागिले 100, म्हणजे 36. मोजणीत 100, वारशाच्या हिशोबात 36! आणि नरांतही एखादाच हद्द राखून बसतो, बाकीचे कडेने फिरतात, म्हणजे खरा आकडा आणखी खाली.

तेल्याग्रस्त
डाळिंब घ्या ना, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र हाकेच्या अंतरावर आहे.

रब्बीवाला
केंद्र उत्तम आहे, पण या प्रश्नाला भगवा डाळिंब कामाचा नाही. गुटी कलमावर वाढवलेली बाग म्हणजे एकाच झाडाच्या नकला. तिथे हार्डी-वाइनबर्ग लावून काय मिळणार? डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जिवाणूतली विविधता बघायची तर विषय छान आहे, पण तो सूक्ष्मजीवशास्त्राकडे जातो.

ताई, ज्वारीच घ्या. परवानगीची कटकट नाही, बियाणं घरचं, आणि रब्बी ज्वारीचं केंद्रही सोलापुरातच आहे. घरचं बी राखणारे शेतकरी आणि दुकानातलं बी पेरणारे शेतकरी, दोन्हींचे नमुने घ्या. घरच्या बियाण्यात विविधता जास्त टिकते का, हा प्रश्न एका सेमिस्टरला पुरेसा आहे. एका शेतातून 20 कणसं, लांब लांबची, आणि प्रत्येक कणसाचा एकच दाणा उगवायचा. एकाच कणसाचे पाच दाणे घेतलेत तर भावंडंच मोजत बसाल. विश्लेषणाला आर ही संगणकाची भाषा शिका, फुकट आहे, अ‍ॅडिजेनेट पॅकेजपासून सुरुवात करा.

सीनाकाठची
दोघांचेही आभार. आमच्या आत्याकडे बार्शीला घरचंच बी असतं, तिथून सुरुवात करते. अजून एक विचारते : सरावाच्याच दुसऱ्या मार्करवर 40 पैकी 9 झाडांचे डीएनएचे पट्टेच आले नाहीत. ती सरळ वगळायची का?

रब्बीवाला
लगेच नको. त्याच झाडांचे बाकीचे मार्कर आलेत का बघा. तेही कोरे असतील तर डीएनए खराब, झाडं वगळा. बाकीचे नीट असून हाच एक कोरा असेल तर पीसीआर (डीएनएच्या नकला वाढवण्याची पायरी) पुन्हा लावायला सांगा, तापमान दोन-तीन अंश उतरवून. तरीही कोराच राहिला तर प्रायमर (नक्कल सुरू करणारा डीएनएचा छोटा तुकडा) बसतो तिथेच त्या झाडांत बदल असेल, म्हणजे नल अ‍ॅलील. त्यानेही अब कमी दिसतात, पण एकाच मार्करवर. स्वपरागणाचा परिणाम सगळ्या मार्करांवर दिसतो. आठ-दहा मार्कर हवेत म्हणालो ते याचसाठी.