ज्येष्ठ श्रोत्यांसाठी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम: शब्द कळत नाहीत, रेकॉर्डिंगमध्ये तबला नाही

षड्जपंचम:
गायिका, कीबोर्ड, तबला. शंभरेक खुर्च्यांचा हॉल, श्रोते बहुतेक सत्तरीपुढचे. ‘शब्द कळत नाहीत’ आणि ‘आवाज फार मोठा आहे’ या दोन्ही तक्रारी एकाच वेळी येतात. मिक्सरच्या मेन आउटवरून (जिथून आवाज हॉलच्या स्पीकरना जातो) घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तबला जवळजवळ गायबच. काय बदलू?

केबलवाला:
दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. वयानुसार आधी वरच्या फ्रिक्वेन्सी ऐकू येईनाशा होतात; स, श, त यांची ओळख तिथेच पटते. शिवाय हळू आवाज पोचत नाही, पण जरा वाढवला की एकदम कानावर येतो. म्हणून मास्टर (एकूण आवाज) वाढवू नका, साथ खाली आणा. गायिकेला १०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर), ३ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल वाढ आणि कीबोर्डला नेमकी तिथेच तेवढी कपात. रिव्हर्ब (घुमारा) अगदी थोडा. आणि कीबोर्डचा डावा हात आवरा! डग्ग्याच्या जागेत तो सतत भरत राहिला की सगळंच गढूळ होतं.

तिहाई:
तबला हॉलमध्ये थेट ऐकू येतो, म्हणून मिक्सरवर त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खालीच असतो. मेन आउटला तेवढाच जातो. यूएसबीवरून मल्टिट्रॅक (प्रत्येक माइक-वाद्य वेगळं) मिळत असेल तर प्रत्येक चॅनल फेडरच्या आधी घ्या. नसेल तर प्री-फेडर ऑक्सवर (फेडर हलवला तरी न बदलणारं वेगळं आउटपुट) रेकॉर्डरसाठी वेगळा मिक्स बांधा आणि तो हेडफोनवरच तपासा. २४ बिट, पीक (सर्वांत मोठा आवाज) उणे १२ डेसिबलच्या आसपास. टाळ्यांचे माइक स्टेजपासून १० मीटरवर असतील तर त्यांत आवाज सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा येतो. एडिटमध्ये ते ट्रॅक तेवढे अलीकडे ओढा, नाहीतर शब्द दुहेरी वाटतात.

षड्जपंचम:
फेडरचं लक्षातच आलं नव्हतं. श्रोत्यांनी सोबत गावं असंही वाटतं. पट्टी उतरवू का?

तिहाई:
शेवटच्या तीन-चार गाण्यांना काळी पाचऐवजी काळी चार करून बघा, गायिकेचा खालचा सूर टिकत असेल तर. कीबोर्डला ट्रान्स्पोजचं बटण आहे, तबल्याला नाही. त्या पट्टीचा दुसरा दायाँ (उजव्या हाताचा तबला) लावून तयार ठेवा आणि ती गाणी सलग घ्या, म्हणजे मध्येच हातोडी चालवावी लागणार नाही.

केबलवाला:
हॉलमध्ये श्रवणयंत्रांसाठी इंडक्शन लूप (यंत्रात थेट आवाज पोचवणारी तार) असेल तर त्यालाही वेगळा ऑक्स द्या: गायिका आणि नावाला कीबोर्ड. श्रोत्यांना यंत्र ‘टी’ वर (लूप ऐकायच्या सेटिंगवर) करायला सुरुवातीलाच सांगा.