आधी डॉक्टर, मग घर

फ्रान्सच्या खेड्यात राहायला जाण्याबद्दल कुणीतरी लिहिलंय की तिथल्या क्रूझसारख्या ग्रामीण भागात घरं स्वस्त आहेत, आधी घर घेऊन टाका, बाकीचं होईल हळूहळू. मला हे अजिबात पटत नाही. आधी डॉक्टर शोधा! फ्रान्समध्ये 'मेदसाँ त्रेताँ', म्हणजे तुमच्या नावावर नोंदलेला डॉक्टर लागतो. तो नसेल तर सरकारी आरोग्य विम्यातून तपासणीच्या ठरलेल्या दराच्या ७० ऐवजी ३० टक्केच परत मिळतात. आणि खेड्यांत बरेच डॉक्टर नवे पेशंट घेतच नाहीत. नोकरी नसेल तर या विम्यासाठीही आधी ३ महिने तिथे राहावं लागतं.

बोलायचं म्हणाल तर सुरुवात 'बाँझूर'पासून, म्हणजे 'नमस्कार'पासून. पहिल्या आठवड्यात मी बेकरीत शिरून थेट पाव मागितला. काउंटरवरच्या बाई थांबल्या, शांतपणे "बाँझूर, मादाम" म्हणाल्या, आणि मीही 'बाँझूर' म्हणेपर्यंत पावाला हात लावला नाही. मला ते मनापासून आवडलं.

सप्टेंबरात गावोगावी स्थानिक संस्थांचा मेळावा भरतो. तिथे कुठल्या तरी मंडळात नाव घालाच. मी गायनवृंदात गेले. माझ्या सगळ्या ओळखी तिथल्याच.