अनुभव धागा: कोकणात गाडी-तंबूचा मुक्काम आणि विजेचा हिशोब

मंडळी, श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत आता कॅरव्हॅन, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, लावायला कुणाच्या तरी वाडीत जागा मिळते. राज्याचं कॅरव्हॅन धोरण २०२१ साली आलं, पण सुरूच्या बनातले तंबू त्याच्या आधीपासूनचे. जागेचं भाडं फोनवरच ठरतं, विजेचं मात्र निघताना कळतं. कुठे रात्रीचे ठोक, कुठे सब-मीटर म्हणजे गाडीपुरता वेगळा मीटर, कुठे "द्या काय ते समजून". माझ्या मते हे तिसरं सगळ्यांत महाग. तुमच्याकडे काय घडलं ते लिहा, पाहुणे म्हणून किंवा यजमान म्हणून. गावाचं नाव चालेल, जागेचं नको.

नागाव, तंबूत राहिलेली
आमच्याकडून रात्रीचे दीडशे ठोक घेतले. वापरलं काय? एक टेबल फॅन, एक एलईडी दिवा, चार मोबाइल. ७५ वॅटचा पंखा दहा तास चालला तरी पाऊण युनिट होतं. बाकी सगळं धरून एक युनिटसुद्धा भरत नाही. शेजारच्या गाडीत एसी घुमत होता, त्यांनाही दीडशेच. म्हणजे त्यांच्या गारव्यात आमची वर्गणी! तंबूवाल्यांना मीटर लावा असं मी म्हणणार नाही, एवढ्याशासाठी कोण रीडिंग घेत बसणार? भाड्यातच धरा की.

गुहागर, यजमान
ताई, तुमचं बरोबर आहे. आता आमची बाजू. घरामागे एकच गाडी लागते, कनेक्शन घरगुती. महावितरणच्या घरगुती दराला महिन्याला १००, ३००, ५०० युनिटं असे टप्पे आहेत, वर जाल तसा दर चढतो. आमचा घरचा वापर तीनशेच्या आत. एप्रिल-मे मध्ये गाड्या लागल्या की वापर पाचशे युनिटांच्या पुढे जातो. मग एखादे पाहुणे बिल मागतात, एकूण रकमेला एकूण युनिटांनी भागतात आणि म्हणतात, "काका, दर एवढाच पडतो." भागाकार चोख आहे हो, पण आमची स्वस्तातली युनिटं तुम्ही वाटून घेतलीत आणि तुमची महागातली आमच्या गळ्यात घातलीत! शिवाय टप्प्याच्या दरावर वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क असतं. मी आता दर आधीच पाटीवर लिहितो. ज्याला पटेल त्याने प्लग लावावा.

पुणे, स्वतःची कॅरव्हॅन
पाटी लिहिलीत हे उत्तम. पण मीटर बरोबर चालतोय का, हे पाहुण्याला दोन मिनिटांत बघता येतं. इलेक्ट्रॉनिक सब-मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि पट्टीवर आकडा असतो, बहुतेकदा ३२००. म्हणजे तेवढ्या वेळा लुकलुकला की एक युनिट. माझा गाडीतला एसी चालू असताना मिनिटाला चौसष्टच्या आसपास मोजतो. चौसष्ट गुणिले साठ, भागिले ३२०० म्हणजे १.२ किलोवॅट, एसीच्या पाटीवरच्या आकड्याशी जुळतं.

दुसरी परीक्षा ह्याहून महत्त्वाची. गाडीची केबल काढायची आणि मीटरकडे बघायचं. वेळणेश्वरच्या बाजूला एके ठिकाणी केबल माझ्या हातात आणि दिवा जोरात लुकलुकतोय! तार धरून मागे गेलो तर नारळी-पोफळीला पाणी सोडणारा पंप त्याच मीटरवर. मालकांना दाखवलं. ते बिचारे खरंच चकित झाले, जोडणी कुणा तिसऱ्यानेच केली होती. पोफळीच्या पाण्याचे पैसे वजा केले आणि वर शहाळं पाजलं.

मालवण, यजमान
एसी लावतलास तर लाव बाबा, पण येताना नि जाताना आकडो दोघांनी मिळान बघूया. मोबाइलात फोटो काढूक पैशे पडनत नाय.

दापोली, न्याहारी-निवास चालवणारी
गाडीचा एसी परवडला म्हणायची वेळ आलीय. हल्ली इलेक्ट्रिक गाड्या येतात. "रात्री जरा चार्जिंगला लावू का?" असं मोबाइल लावल्यासारखं विचारतात. तीस युनिटांची बॅटरी असते, १५ अँपिअरच्या प्लगवर ताशी तीनेक युनिटं खेचते. एका रात्रीत आमच्या घरचा दोन-तीन दिवसांचा वापर! त्या एका प्लगला वेगळा मीटर बसवला. एका गृहस्थांनी वाद घातला की गाडीच्या पडद्यावर २६ दिसतात, तुमच्या मीटरवर २९ कशी? मधली तीन चार्जरमध्ये उष्णता होऊन जातात, पण भिंतीतून आली म्हणजे माझ्या बिलात आलीच ना? त्यांनी दिले, पण कुरकुरत.

मूळचा चिपळूणचा, सध्या स्कॉटलंड
इथे प्रत्येक जागेपाशी खांब आणि निळा गोल प्लग. प्लग १६ अँपिअरचा, पण कित्येक ठिकाणी पुरवठा १० चाच, म्हणजे २३०० वॅट. किटली आणि हीटर एकत्र लावले की ब्रेकर पडला, आणि ऑफिस सकाळी उघडणार. ऑफजेम म्हणून वीज नियामक आहे. घरगुती वापराची वीज मीटरवर पुढे विकताना मालकाने स्वतः वीज कंपनीला दिलेल्या दराहून जास्त युनिट-दर लावायचा नाही, हा त्यांचा नियम. खांब, केबल, देखभाल ह्यांचा खर्च वेगळा सांगून घ्यायचा. गुहागरच्या काकांनीही असंच करावं: युनिटचे युनिटला, सोयीचे सोयीला. भांडण अर्धं कमी होईल.

देवगड, वायरिंगची कामं करतो
पैशाचं बोलताय ते ठीक, पण प्लग लावण्याआधी अर्थिंग विचारा. आमच्याकडे सड्यावर जांभा कातळ, मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी ठणठणीत, मग करंट जमिनीत जाणार कसा? मीठ-कोळसा भरलेला असतो, पण त्यात वरून पाणी घालायचं कुणाला आठवत नाही. कॅरव्हॅन म्हणजे पत्र्याचं खोकं, करंट उतरला तर सगळीकडे. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असल्याशिवाय मी जोडणीच करून देत नाही. आणि खाऱ्या वाऱ्याने सॉकेटचं पितळ हिरवं पडतं, पकड सैल होते, प्लग तापतो. इंडक्शन लावल्यावर प्लगला हात लावून बघा.

धागाकर्ता
एक राहिलंच. लाइट गेल्यावर काय? जनरेटर त्याच सब-मीटरमधून येतो आणि आकडा तसाच पळतो.

गुहागर, यजमान
तोच तर घोळ. माझ्या जनरेटरला लिटरभर डिझेलात तीनेक युनिटं मिळतात, पाटीवरच्या दरात बसत नाही. म्हणून पाटीवर दुसरी ओळ आहे: जनरेटरवर दिवे, पंखे, फ्रिज फुकट, एसी बंद. कुणाला हवाच असेल तर डिझेल स्वतः आणून ओतावं.