मदत हवी आहे: व्हाइट माउंटन्समध्ये बारा महिने ट्रेक, ग्रुप मोठा आहे, नीट कसं जमवायचं?

आम्ही बॉस्टनच्या आसपासची मराठी मंडळी, काही कुटुंबं आणि नुकतीच शिकायला आलेली मुलं मिळून वीसेक जण सहज होतात. ऑक्टोबरात पानं रंगली की सगळेच कँकामागस हायवेला जाऊन येतात, पण आता टूम निघालीये की न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टमध्ये दर महिन्याला जायचं, अगदी थंडीतसुद्धा. मला मनापासून हवंय हे, म्हणूनच आधी विचारतेय.

पेमिगेवॅसेट, ग्रेट गल्फ अशा विल्डरनेस भागात (म्हणजे कायद्याने जपलेल्या रानात) एका ग्रुपमध्ये १० च्या वर माणसं चालत नाहीत. दोन गट केले तरी वर पोचल्यावर सगळे एकत्रच डबे उघडून बसणार, मग त्या नियमाला अर्थ काय राहिला?

दुसरं म्हणजे एप्रिल-मे. आमच्यातल्या निम्म्यांनी भर पावसात राजमाची, हरिश्चंद्रगड केलेत, त्यांना चिखल म्हणजे मजा. पण इथे बर्फ वितळतो तेव्हा खालची जमीन अजून गोठलेली असते, पाणी मुरतच नाही, वरच्या मातीचा नुसता लगदा होतो आणि लोक बूट वाचवायला कडेकडेने चालतात, की वाट रुंदावत जाते आणि मुळं उघडी पडतात. हे त्यांना न दुखावता कसं पटवायचं? आणि त्या दिवसांत पोरांना घेऊन कुठे जावं?

सगळ्यात जास्त जीव लागलाय तो फ्रँकोनिया रिज या डोंगरधारेवरच्या झुडपांत. रॉबिन्स सिंकफॉइल नावाचं इवलंसं पिवळं फूल जगात फक्त याच डोंगरांत उरलंय. माउंट वॉशिंग्टनजवळ पायवाट बाजूला सरकवली, त्याला जपलं, तेव्हा कुठे २००२ साली ते धोक्यातल्या झाडांच्या यादीतून बाहेर आलं. आणि लोक फोटोसाठी दगड सोडून सरळ हिरवळीवर जातात हो!

प्रतिसाद १
ताई, दोन गटांना दोन वेगळे ट्रेलच द्या, संध्याकाळी गावात भेटा. मे संपेपर्यंत उंचावर नकोच. लिंकन वुड्सचा ट्रेल घ्या, जुन्या लाकूड वाहणाऱ्या रेल्वेचा मार्ग आहे, सपाट, नदीकाठाने जातो, पोरांना रुळांखालचे जुने स्लीपर बघायला मिळतात. फ्रँकोनिया नॉच या खिंडीतली डांबरी सायकलवाट पण छान आहे. पटवायचं म्हणाल तर एकदा तुडवलेली वाट दाखवाच, सह्याद्रीवर प्रेम करणाऱ्याला लगेच कळतं.

प्रतिसाद २
थंडीचं मी सांगतो. ताज्या बर्फात नुसत्या बुटांनी किंवा मायक्रोस्पाइक्सनी (बुटाखाली चढवायचे छोटे खिळे) चालू नका, पाय मांडीपर्यंत रुततो आणि ते खड्डे रात्रीत गोठले की मागून येणाऱ्याचा घोटा जातो. स्नोशूज (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायचे रुंद तळवे) भाड्याने मिळतात, प्रत्येकाला हवेतच. निघायच्या दिवशी सकाळी माउंट वॉशिंग्टन ऑब्झर्व्हेटरी या हवामान केंद्राचा उंच शिखरांचा हवामान अंदाज वाचा, बॉस्टनचं हवामान बघून ठरवू नका. १९३४ मध्ये त्या शिखरावर ताशी २३१ मैल वारा मोजलाय, हे नवीन मुलांना आधीच सांगा. आणि राज्याचं हाइक सेफ कार्ड काढा, त्या पैशांतून शोध-बचावाला मदत होते. किती वाजता परत फिरायचं ते गाडीतच ठरवा, वर गेल्यावर कोणी ऐकत नाही.